गळती गच्चीची आणि व्यवहाराची

मृग नक्षत्र जवळ आले, की मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर एक ठरावीक सूचना झळकू लागते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम तातडीने हाती घ्यावयाचे असल्याने प्रत्येक सभासदाने अमुक रक्कम आठ दिवसांच्या आत चिटणिसांकडे जमा करावी, असा तिचा आशय असतो. या सूचनेतील खरा रोग ‘तातडीने’ या एका शब्दात आहे. गच्ची एका रात्रीत गळू लागत नाही. आदल्या वर्षीच्या आषाढात सर्वांत वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या छताला ओल आलेली असते. श्रावणात तिचा नकाशा विस्तारतो. नवरात्रापर्यंत गिलाव्याचे पोपडे सुटू लागतात आणि दिवाळीच्या रंगकामात ते सारे झाकले जाते. ओल दिसेनाशी झाली म्हणजे ती नाहीशी झाली, अशी समजूत करून घेऊन संस्थेची कार्यकारिणी पुढचे सहा महिने स्वस्थ राहते. मग वळवाची पहिली सर येते आणि ठेकेदाराचा शोध सुरू होतो. जो मिळेल तो ठेकेदार, तो मागेल ती आगाऊ रक्कम आणि तो देईल ते हमीपत्र, असा सौदा होतो. दोन पावसाळे बरे जातात. तिसऱ्या पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात तीच ओल पुन्हा उमटते.

हा प्रश्न वरकरणी घरगुती आणि क्षुल्लक वाटतो. परंतु शिक्षक, कारकून, बँकेतील वा टपाल खात्यातील कर्मचारी अशा पगारदार माणसाने आयुष्यात केलेली सर्वांत मोठी खरेदी म्हणजे त्याचे राहते घर. भविष्यनिर्वाह निधी, पत्नीचे दागिने आणि वीस वर्षांचे कर्जाचे हप्ते त्या चार भिंतींत मुरलेले असतात. त्या भिंतींचे रक्षण करणारी गच्ची मात्र कोणा एकाच्या मालकीची नसते. ती सर्वांची असते, आणि जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणीच घेत नाही, हा आपल्या सार्वजनिक जीवनातील जुना अनुभव येथेही खरा ठरतो. तळमजल्यावरील सभासदाला गळतीची झळ पोचत नाही आणि वरच्या मजल्यावरील सभासदाच्या तक्रारीला सभेत एकच मत असते. म्हणून गच्चीच्या गळतीचा विचार हा केवळ सिमेंट-वाळूचा विचार नाही. सामाईक मालमत्ता आणि सामाईक पैसा आपण कसा हाताळतो, याचा तो विचार आहे.

शाकारणीचा विसर

कोकणातील कौलारू घराची शाकारणी दर वर्षी ठरलेली असे. वैशाखात कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वाशांना वाळवी लागली आहे काय ते पाहायचे आणि रोहिणी लागण्यापूर्वी छप्पर पुन्हा घालायचे, हा क्रम चुकवणे म्हणजे पावसाळाभर घरात भांडी मांडून बसणे होय, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक होते. देशावरील वाड्यांच्या धाब्यांवर दर वर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर पडे. चुन्याच्या बांधकामात घाणीवर मळलेल्या चुन्याला गूळ, हिरडा यांची जोड देणारे कारागीर होते आणि त्यांच्या कामाची देखभाल करणारी घरेही होती. छप्पर ही वार्षिक खर्चाची बाब आहे, हे ज्ञान त्या काळी पोथीत नव्हते. ते अंगवळणी पडलेले होते.

सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबने हे ज्ञान पुसून टाकले. काँक्रीट म्हणजे चिरंतन, एकदा ओतले की तीन पिढ्या पाहावयास नको, अशी श्रद्धा शहरांत रुजली. वस्तुस्थिती निराळी आहे. स्लॅब उन्हाने तापून प्रसरण पावतो आणि रात्री आकुंचन पावतो. वर्षानुवर्षांच्या या हालचालीने त्याच्या पृष्ठभागावर आणि कठड्याच्या सांध्यात केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी आणि हवा आतील लोखंडी सळ्यांपर्यंत पोचतात. ताज्या काँक्रीटमधील क्षारता सळ्यांना गंजापासून वाचवीत असते; हवेतील कार्बन डायऑक्साइडने ती क्षारता हळूहळू मारली जाते आणि गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक असते. ही वाढलेली जागा मिळविण्यासाठी गंज काँक्रीटला आतून फोडतो, सळीखालचा थर सुटून पडतो आणि उघड्या पडलेल्या सळीला अधिकच पाणी मिळते. छताचा पोपडा पडतो तेव्हा रंग गेला असे रहिवासी म्हणतो. प्रत्यक्षात कित्येकदा इमारतीचे बळ जाऊ लागलेले असते.

२७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत माझगाव येथे महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची निवासी इमारत कोसळून ६१ जणांचे प्राण गेले. ती इमारत गच्चीच्या गळतीने पडली, असा निष्कर्ष येथे काढावयाचा नाही. परंतु ती शतकाची जीर्ण चाळ नव्हती. सुमारे तीन दशकांचेच तिचे वय होते. तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतीला आपण ‘तशी नवीच’ म्हणतो, ते किती धाडसाचे आहे, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

पाण्याचा हिशेब

गच्चीवर पावसाळ्यात किती पाणी पडते, याचा हिशेब फारसे कोणी करीत नाही. मुंबईच्या उपनगरांत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी २,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. दोन हजार चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे १८६ चौरस मीटरच्या गच्चीवर त्या मानाने एका हंगामात चार लाख लिटरहून अधिक पाणी पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; तेवढ्या गच्चीवर त्या एका दिवसात पावणेदोन लाख लिटर पाणी ओतले गेले, असा त्याचा अर्थ होतो. एवढे पाणी कोणत्याही लेपाने ‘अडवावयाचे’ नसते. ते वाहून जाऊ द्यावयाचे असते. म्हणून गच्चीचे पहिले वॉटरप्रूफिंग म्हणजे तिचा उतार. दर शंभर इंचांस निदान एक इंच उतार, पावसाळी नळांची पुरेशी तोंडे आणि त्या तोंडांवरील स्वच्छ जाळ्या एवढे असले, तर निम्मी लढाई जिंकल्यासारखी आहे.

उरलेली निम्मी लढाई सांध्यांची आहे. पाणी बहुधा स्लॅबच्या मध्यातून शिरत नाही. कठडा आणि स्लॅब यांचा कोन, नळ जेथून खाली उतरतो तेथील भोक, जिन्याच्या खोलीचा उंबरा, पाण्याच्या टाकीचे पाय आणि सौर तापकाचे किंवा दूरचित्रवाणीच्या तबकडीचे स्टँड बसविण्यासाठी सभासदांनी परस्पर मारलेले बोल्ट, या तिच्या शिरण्याच्या वाटा होत. कठड्याच्या फटीत उगवलेला पिंपळ हा आणखी एक शत्रू. त्याला हात लावण्यास कोणी धजत नाही, आणि त्याची मुळे मात्र विटांचे सांधे निमूटपणे उसवीत असतात. यांपैकी एकही वाट न शोधता साऱ्या गच्चीवर रंगीत लेप फासणे म्हणजे पायात काटा रुतला असता अंगाला चंदन लावण्यासारखे आहे.

थरावर थर

आपल्याकडील रूढ पद्धत ब्रिकबॅट कोब्याची. स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात उतार साधून बसवावयाचे, त्यावर सिमेंटचा घोटलेला थर किंवा चिनी मातीच्या लाद्यांच्या तुकड्यांची फरशी करावयाची आणि कठड्याच्या कोनात गोलाई द्यावयाची. नीट केलेला कोबा पंधरा-वीस वर्षे सहज टिकतो. तो निकामी झाला, की जुना फोडून, स्लॅब उघडा करून, भेगा बुजवून मग नवा घालावा, हा त्याचा शास्त्रशुद्ध मार्ग. पण फोडण्याला मजुरी लागते, राडारोडा खाली उतरवून वाहून न्यावा लागतो आणि आवाजाच्या तक्रारी येतात. म्हणून ठेकेदार सुचवितो, ‘जुन्यावरच नवा टाकू, दुहेरी बळकटी येईल.’ सभेला हे पटते, कारण त्यात पैसे वाचतात.

या बळकटीचे वजन किती, हे सभेत कोणी विचारत नाही. सरासरी चार इंचांच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जाते. दोन हजार चौरस फुटांच्या गच्चीवर असा एक जादा थर म्हणजे पस्तीस टनांहून अधिक कायमचा बोजा. वापरात असलेल्या गच्चीसाठी माणसे, सामान इत्यादींचा जो चल भार भारतीय मानकात गृहीत धरला जातो, तो दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो इतकाच आहे. म्हणजे एका जादा थराने हा सारा राखीव अवकाश खाऊन वर भार टाकला जातो, आणि तोही ज्या स्लॅबच्या सळ्या गंजू लागल्याची शंका आहे त्याच स्लॅबवर. काही इमारतींच्या गच्च्यांवर असे तीन-तीन थर एकावर एक चढलेले असतात. गळती थांबविण्यासाठी केलेला खर्चच इमारतीच्या जिवावर उठावा, याहून मोठा विपर्यास कोणता?

कोब्याच्या जागी आलेल्या रासायनिक लेपांचीही एक शिस्त आहे. पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा हवा, भेगा आधी भरलेल्या हव्यात, सांध्यांवर जाळीचे कापड हवे आणि ठरावीक जाडीचे थर ठरावीक अंतराने दिले गेले पाहिजेत. ओलसर कोब्यावर घाईने फासलेल्या लेपाखाली उन्हाने वाफ कोंडते, फुगे येतात आणि दुसऱ्या वर्षी त्याचे पापुद्रे निघतात. मे महिन्याच्या अखेरीस, डोक्यावर ढग जमलेले असताना, यांतील एकही पथ्य पाळता येत नाही. सिमेंटच्या कामाला निदान आठवडाभर पाणी मारावे लागते. त्यानंतर पाणी कोंडून चाचणी घ्यावी लागते. काम दिवाळीनंतर सुरू झाले तरच हे शक्य होते. गळतीच्या खुणाही ऑक्टोबरात ताज्या असतात. एप्रिलमध्ये त्या शोधणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

तीन निविदा, तीन कामे

व्यवहाराची मुख्य चूक निविदा मागविताना होते. समजा, एका संस्थेकडे दोन लाख, सव्वातीन लाख आणि पावणेपाच लाख अशा तीन निविदा आल्या. सभेत स्वाभाविकपणेच दोन लाखांची निविदा मान्य होते. जो सभासद जादा दराच्या बाजूने बोलेल, त्याचे ठेकेदाराशी काही साटेलोटे असावे, अशी कुजबुज होते. वास्तविक या तीन निविदा एकाच कामाच्या नसतातच. पहिल्यात जुन्यावर नवा लेप असतो, दुसऱ्यात वरचा थर काढून नवा थर असतो आणि तिसऱ्यात स्लॅबपर्यंत फोडून, सळ्यांची दुरुस्ती करून, नवा कोबा असतो. तीन निरनिराळ्या वस्तूंच्या किमतींची तुलना करून त्यांतील स्वस्त वस्तू निवडणे याला काटकसर म्हणता येत नाही.

कामाचे वर्णन ठेकेदाराने लिहावयाचे नसते; ते काम करवून घेणाऱ्याने लिहावयाचे असते. त्यासाठी आधी अनुभवी स्थापत्य अभियंत्याकडून गच्चीची तपासणी करून घेणे आणि काय काढावयाचे, काय घालावयाचे, कोणत्या जाडीचे, कोणत्या साहित्याचे, याचे तपशीलवार पत्रक तयार करणे आवश्यक आहे. इमारतींच्या जलरोधनाबद्दल भारतीय मानक संस्थेचे आय.एस. ३०६७ हे मानक उपलब्ध आहे. अभियंत्याचे शुल्क वाचविण्याकडे संस्थांचा कल असतो. परंतु तेच शुल्क सर्वांत फलदायी ठरते. पुढे कामावर देखरेख ठेवणाराही तोच असावा. कार्यालयातून संध्याकाळी घरी परतणाऱ्या मानद चिटणिसाने दिवसभरात मालात सिमेंट किती पडले, हे कसे ताडावे?

हमीपत्राची किंमत

‘दहा वर्षांची लेखी हमी’ हे या व्यवसायातील सर्वांत लोकप्रिय वाक्य होय. मुद्रांक कागदावर टंकलिखित झालेले हे हमीपत्र हाती पडले, की कार्यकारिणीला कृतकृत्य वाटते. ते वाचण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतले जातात. इमारतीच्या हालचालीने पडलेल्या भेगा वगळून, तिसऱ्या व्यक्तीने केलेले नुकसान वगळून, नळांचे सांधे वगळून, अशा वगळण्यांनी हमीची गळणी झालेली असते. शिवाय हमी देणारी पेढी दहा वर्षे अस्तित्वात राहील, याची हमी कोण देणार? ज्याचे कार्यालय म्हणजे एक भ्रमणध्वनी आणि पावतीपुस्तक एवढेच, त्याच्या दहा वर्षांच्या वचनाचे मोल त्या भ्रमणध्वनीच्या क्रमांकाच्या आयुष्याएवढेच असते.

कायदा अगदीच हतबल आहे असे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार करारभंगाची भरपाई मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष सेवेबद्दल जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि सहकारी संस्थेलाही त्या कायद्याने ‘व्यक्ती’ मानले आहे. मात्र तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल व्हावी लागते. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत दर पावसाळ्यात तोंडी निरोप पाठविणाऱ्या संस्थेचा हक्क अशा रीतीने हातचा जातो. त्याहून घातक प्रकार म्हणजे बिलाविना व्यवहार. ‘पावती नको असेल तर कराची रक्कम वाचेल’ या आमिषाला सुशिक्षित कार्यकारिणी बळी पडते आणि काही हजार रुपये वाचविण्याच्या नादात लाखो रुपयांचा पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट करते. पावती नाही तेथे करार नाही, आणि करार नाही तेथे हमीपत्र म्हणजे रद्दीचा कागद.

हमीपत्रापेक्षा हातात राखून ठेवलेला पैसा अधिक बोलतो. एकूण रकमेचा निदान दहावा हिस्सा एक पूर्ण पावसाळा निर्विघ्न पार पडेपर्यंत संस्थेकडे राहावा. उरलेले हप्ते प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या मोजमापाप्रमाणे दिले जावेत. आणि शेवटच्या हप्त्यापूर्वी पाण्याची चाचणी व्हावी. नळांची तोंडे बंद करून अभियंत्याच्या संमतीने गच्चीवर दोन-तीन इंच पाणी दोन ते तीन दिवस कोंडावे आणि त्याची पातळी कठड्यावर खुणेने नोंदवावी. पाणी घटले तर ठेकेदार उन्हाकडे बोट दाखवितो. त्यावर सोपा उपाय असा, की त्याच गच्चीवर पाण्याने भरलेली एक परात ठेवावी. परातीतील पाणी जेवढे उतरेल तेवढे उन्हाने नेले. गच्चीवरचे त्याहून जेवढे अधिक उतरेल तेवढे इमारतीने प्याले.

परदेशातील एक दाखला

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घरामागे पोहण्याचा तलाव असणे ही मध्यमवर्गीयांच्याही आवाक्यातील गोष्ट आहे. त्या काँक्रीटच्या तलावांना आतून पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा गिलावा केलेला असतो. औषधी पाण्याने तो दहा-पंधरा वर्षांत खडबडीत होतो, त्यावर डाग पडतात आणि मग तलाव रिकामा करून सुटलेला गिलावा खरवडून नवा द्यावा लागतो. तेथेही जुन्याची साफसफाई न करता त्यावर नवा थर दिला, तर तो सुटून येतो. तेथेही पाणी गळते की उडून जाते, हे पाहण्यासाठी पायरीवर पाण्याची बादली ठेवून तिच्या पातळीशी तुलना करण्याची युक्ती घरोघर ठाऊक आहे. साठ-सत्तर हजार लिटरचा तलाव काय किंवा हंगामात चार लाख लिटर पाणी झेलणारी गच्ची काय, पदार्थविज्ञान दोन्हींकडे एकच.

फरक आहे तो व्यवस्थेत. किरकोळ कामे वगळता तेथे ठेकेदाराला राज्याच्या परवाना मंडळाचा परवाना घ्यावा लागतो. हे मंडळ १९२९ पासून अस्तित्वात आहे आणि तलावाच्या कामासाठी परवान्याचा वेगळा वर्ग आहे. परवानाधारकाला २५,००० डॉलरचे हमीबंधपत्र द्यावे लागते. घरदुरुस्तीच्या कामाची आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांपैकी जी कमी असेल तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि झालेल्या कामाच्या किमतीहून अधिक पैसे मागता येत नाहीत. तेथे फसवणूक होतच नाही असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु एका घराच्या हौसेच्या तलावासाठी जेवढे कायदेशीर संरक्षण तेथे आहे, तेवढे आपल्याकडे चाळीस कुटुंबांच्या डोक्यावरील छपरासाठी नाही. येथे कोणीही उठून वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार होऊ शकतो आणि निम्मी रक्कम आगाऊ घेणे हा शिरस्ता समजला जातो.

मालक कोण?

मुंबईच्या भाड्याच्या चाळींची दुर्दशा का झाली, याची मीमांसा अनेकदा झाली आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले आणि अखेर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन करून शासनाला ती जबाबदारी शिरावर घ्यावी लागली. त्या चाळीतील भाडेकरू घरमालकाच्या नावाने बोटे मोडत असे, आणि ते योग्यही होते. आज सहकारी संस्थेतील सभासद स्वतःच मालक आहे. आणि दुरुस्तीचा विषय निघाला, की तो नेमका त्या जुन्या घरमालकासारखाच वागतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीची तरतूद आहे. बांधकाम खर्चाच्या वार्षिक पाऊण टक्का ही त्याची किमान मर्यादा. सिंकिंग फंडासाठी आणखी पाव टक्का. गच्चीतून होणारी पावसाची गळती आणि तिच्यामुळे वरच्या मजल्याच्या छताचे व गिलाव्याचे झालेले नुकसान यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हावी, हेही त्यांत स्पष्ट आहे. तरीही ‘तुमच्या घरात गळते, तुम्ही पाहा’ असे उत्तर निवृत्त शिक्षकाला ऐकावे लागते. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असेही उपविधी सांगतात. ती किती संस्था वेळेवर करतात, हे प्रत्येक सभासदाने आपापल्या कार्यवृत्ताच्या वहीत पाहावे.

या पाऊण टक्क्यात एक मेख आहे. टक्का मोजावयाचा तो बांधकामाच्या खर्चावर. १९८५ मध्ये ज्या घराच्या बांधकामास एक लाख रुपये लागले, त्याची किमान वर्गणी वर्षाला साडेसातशे रुपये होते. म्हणजे महिन्याला सुमारे बासष्ट रुपये. वीस घरांच्या संस्थेत वर्षाकाठी पंधरा हजार. चाळीस वर्षांत सिमेंट, पोलाद आणि मजुरी यांचे दर कोठच्या कोठे गेले, पण निधीचा पाया १९८५ मध्येच गोठून राहिला. हे गोठलेल्या भाड्याचेच नवे रूप नव्हे काय? ही मर्यादा किमान आहे, कमाल नाही. ती वाढविण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. परंतु ज्या सभेत चहाच्या खर्चावर तासभर चर्चा रंगते, तेथे वर्गणीवाढीचा ठराव कोणी मांडावयाचा?

दुसरी बाजू

सारा दोष ठेकेदाराच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. या व्यवसायात प्रामाणिक आणि जाणकार माणसे आहेत. दोन लाखांच्या निविदेपुढे त्यांची साडेचार लाखांची निविदा टिकत नाही, म्हणून ती मागे पडतात. काम उत्तम झाल्यावरही शेवटचा हप्ता काहीतरी कारण काढून वर्ष-दोन वर्षे अडविणाऱ्या संस्था आहेत. अशा ठिकाणी ठेकेदार सुरुवातीलाच जास्तीत जास्त रक्कम उचलतो, याचे नवल वाटावयास नको. अविश्वास दोन्ही बाजूंनी आहे आणि त्याची किंमत तिसराच मोजतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापलेल्या गच्चीवर घमेली वाहणाऱ्या आणि कोबा ठोकणाऱ्या मजुराला या साखळीच्या शेवटी उरते तेवढे मिळते. ज्याच्या हाताच्या कसबावर गच्चीचे पाणी थांबावयाचे, त्याच्या कसबाला बाजारात भाव उरला नाही. मग कोबा पूर्वीसारखा का टिकत नाही, असे विचारण्यात काय हशील?

काय करावे?

उपाय अवघड नाहीत. राज्य शासनाने इमारत-दुरुस्तीच्या ठेकेदारांची नोंदणी सक्तीची करावी आणि आगाऊ रकमेवर मर्यादा घालावी. सहकार खात्याने मराठीत एक आदर्श दुरुस्ती करारनामा प्रसिद्ध करावा. कामाचे तपशीलपत्रक, हप्त्यांचा क्रम, राखीव रक्कम, पाण्याची चाचणी आणि हमीच्या अटी त्यात असाव्यात, म्हणजे प्रत्येक मानद चिटणिसाला स्वतः कायदेपंडित व्हावे लागणार नाही. दुरुस्ती निधीची किमान मर्यादा मूळ बांधकाम खर्चाशी न जोडता चालू बांधकाम दराशी जोडावी. वीस वर्षे बासष्ट रुपये भरून एकविसाव्या वर्षी एकदम वीस हजार काढून देणे निवृत्तिवेतनधारकाला जड जाते. तेच दरमहा थोडे अधिक भरणे त्याला पेलते. निधी वाढविण्यातच गरीब सभासदाचे हित आहे, ही गोष्ट त्याला समजावून देण्याचे काम कार्यकारिण्यांनी केले पाहिजे.

शासन हे केव्हा करील ते करो. संस्थांना आज कोणी अडविलेले नाही. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी कार्यकारिणीने अभियंत्यासह गच्चीवर चढावे, वरच्या मजल्यावरील घरे आतून पाहावीत, खुणा नोंदवाव्यात आणि त्या हिवाळ्यातच काम उरकावे. जुना थर काढल्याखेरीज नवा घालावयाचा नाही, पावतीखेरीज पैसा द्यावयाचा नाही आणि चाचणीखेरीज काम संपले असे म्हणावयाचे नाही, एवढे तीन नियम सर्वसाधारण सभेने ठरावाने मान्य करावेत. आपल्या आज्या-पणज्यांनी जी गोष्ट दर वैशाखात कोणाच्याही सूचनेवाचून केली, ती पदवीधरांच्या वसाहतींना करता येऊ नये, हे लाजिरवाणे आहे. छपराची काळजी ऊन असतानाच घ्यावी लागते. पाऊस कोणत्याही संस्थेच्या सर्वसाधारण सभेची वाट पाहत नाही.